भटक्या शत्रूपासून चौघांनी मिळून कसे वाचावे? (फॅस्मोफोबिया, लीथल कंपनी आणि तत्सम सहकारी भयखेळ)

मिणमिणता_कंदील (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र गेले काही महिने आठवड्यातून दोनदा एकत्र भयखेळ खेळतो; मुख्यतः फॅस्मोफोबिया आणि अधूनमधून लीथल कंपनी. पहिल्यात पुरावे गोळा करून भुताचा प्रकार ओळखणे, दुसऱ्यात सापडलेले सामान जहाजापर्यंत वाहून आणणे ही कामे आम्हाला आता बऱ्यापैकी जमतात. जमत नाही ते एकच: फिरता शत्रू मागे लागला की आमच्यापैकी एक जण मरून भागत नाही, दोघे-तिघे मरतात. एकट्याने खेळताना जी शिकार (म्हणजे भूत खेळाडूंना मारायला फिरते तो काळ) मी सहज निभावून नेतो, तीच चौघांत असताना माझ्या जिवावर बेतते, हे कोडे मला बराच काळ उलगडत नव्हते.

म्हणून मागच्या काही डावांची रेकॉर्डिंग मी पुन्हा पाहिली आणि प्रत्येक मृत्यूच्या आधीचे अर्धे मिनिट कागदावर उतरवले. जवळजवळ सगळीकडे एकच क्रम आढळला. शत्रूला आमच्यातला एक जण दिसतो, तो घाबरतो, आणि ज्या खोलीत बाकीचे दोघे आधीच व्यवस्थित लपलेले असतात त्याच खोलीकडे धाव घेतो. लपलेल्या दोघांचे काहीही चुकलेले नसते. त्यांच्या दारापर्यंत भुताला आमचाच माणूस घेऊन येतो.

यावरून माझे मत असे झाले आहे की शत्रू आपला पाठलाग करत नाही, तर आपल्याविषयी त्याला मिळालेल्या शेवटच्या बातमीचा करतो. फॅस्मोफोबियातले भूत खेळाडू नजरेआड झाल्यावर तो शेवटचा जिथे दिसला किंवा ऐकू आला तिथवर जाते आणि तिथे कोणी सापडले नाही तर पुन्हा भटकू लागते. एकट्याने खेळताना ही बातमी एकाच माणसाची असते. चौघांत मात्र एकाची बातमी चौघांना भोवते.

आता वेगाचा हिशेब पाहा. साधारण भुताचा मूळ वेग सेकंदाला १.७ मीटर आहे, आपला चालण्याचा १.६ आणि धावण्याचा ३. पण धाव अवघी ३ सेकंद टिकते. म्हणजे पूर्ण दम खर्च केला तरी हाती येते ती चार मीटरांच्या आतली आघाडी, आणि तीसुद्धा भूत मूळ वेगानेच येत असेल तर. खेळाडू समोर दिसत राहिला की भुताचा वेग वाढत जातो आणि शेवटी मूळ वेगाच्या १.६५ पट, म्हणजे २.८ मीटरांच्या आसपास पोहोचतो. त्यामुळे सरळ, लांबलचक व्हरांड्यातून पळणे ही सर्वांत वाईट कल्पना आहे. त्या तुटपुंज्या आघाडीत एक कोपरा, मग एक दार, आणि जमल्यास आणखी एक कोपरा मध्ये आणायचा, म्हणजे नजर तुटते.

यावरून मी आमच्या गटासाठी एक नियम सुचवला आहे: जो दिसला, त्याने कोणाकडेही यायचे नाही. मित्रांना तो निष्ठुर वाटतो. 'अडचणीत सापडलेल्याला वाऱ्यावर सोडायचे, तर मग एकत्र खेळायचे कशाला?' असा त्यांचा सवाल आहे आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. जाणकारांनी आपला अनुभव सांगावा. लपायचे ते एकत्र की वेगवेगळे, आणि दिसलेल्या माणसाला बाकीच्यांनी मदत करायची तर ती नेमकी कोणती?

दबकी_पावले

कंदील, नियम योग्य आहे, परंतु तुम्ही बातमीचे एकच दार पाहिलेत. भुताला आपण दिसतो तसे ऐकूही येतो. शिकार सुरू असताना साधारण ९ मीटरांच्या आत कोणी बोलले, किंवा साडेसात मीटरांच्या आत कोणाच्या हातात चालू टॉर्च अथवा दुसरे विद्युत उपकरण असले, तरी त्याला माग लागतो. एकटा खेळाडू कपाटात शिरला की आपोआप गप्प बसतो, कारण बोलायला कोणी नसते. दोघे शिरले की त्यांच्यातला एक हमखास विचारतो, 'गेले का?' आणि दुसरा तितक्याच हमखास उत्तर देतो. आमच्या गटातले निम्म्याहून अधिक मृत्यू या एका प्रश्नोत्तराने झाले आहेत, आणि त्यातले बरेचसे माझ्या नावावर आहेत.

त्यामुळे लपायचे ते वेगवेगळे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका खोलीत दोन कपाटे असली तरी दोघांनी त्या खोलीत जाऊ नये. एका कपाटाची तपासणी दुसऱ्यातल्या माणसालाही महागात पडते, कारण शेजारच्या कपाटाचे दार उघडण्याचा आवाज ऐकून गप्प राहणे माणसाच्या हातात नसते.

माइकबद्दल एक गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो. शिकार सुरू झाली की सर्वांनी माइक बंद करावा हे ठीक आहे, पण लीथल कंपनीत हा सल्ला निम्माच लागू पडतो. तिथे इमारतीबाहेर फिरणारे नेत्रहीन कुत्रे आवाजावरच चालतात. धावण्याचा, बोलण्याचा, वॉकीटॉकीवरच्या बोलण्याचा, जमिनीवर टाकलेल्या वस्तूचा आवाज त्यांना पोहोचतो आणि ओणव्याने चालणाऱ्याची पावले मात्र पोहोचत नाहीत. त्यांच्या आसपास शांत राहणेच शहाणपणाचे. इमारतीच्या आत मात्र बोलत राहण्यालाच अर्थ असतो, कारण अंतरानुसार ऐकू येणारा मित्राचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला तर तो मेला, एवढे इतरांना ताबडतोब कळते. सगळेच मुके झाले तर चौथा माणूस कधी नाहीसा झाला याचा पत्ता लागत नाही. अवांतर: आंधळी कोशिंबीर खेळताना राज्य असलेल्याच्या पाठीमागे हसणारी मुले आणि कुत्र्यासमोर वॉकीटॉकी चालू ठेवणारा माझा मित्र यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

नकाशेबाज

धागाकर्त्यांच्या मूळ सिद्धांताला माझा थोडा विरोध आहे. 'शेवटची बातमी' हे सूत्र बऱ्याच शत्रूंना लागू पडते, परंतु सर्वांना नाही. आणि जिथे ते लागू पडत नाही, तिथे त्यावर विसंबणारा गट पूर्ण कापला जातो. निसटण्याचा पहिला भाग ओळखण्याचा आहे.

फॅस्मोफोबियातल्या भुतांपैकी डिओजेन हा प्रकार घ्या. त्याला शिकारीत प्रत्येक खेळाडूचा ठावठिकाणा कायम माहीत असतो, त्यामुळे कपाट, पलंग, कोपरा यांचा काही उपयोग नाही. तो दुरून सेकंदाला ३ मीटर वेगाने येतो, मात्र अगदी जवळ पोहोचला की त्याचा वेग ०.४ मीटरवर उतरतो. म्हणजे त्याच्यापासून पळायचे नसते, त्याला जवळ येऊ द्यायचे आणि एखाद्या मोठ्या टेबलाभोवती निवांत चालत फेऱ्या मारायच्या. ज्याला हे ठाऊक आहे तो हसत हसत शिकार संपवतो. ज्याला ठाऊक नाही तो उत्तम लपून बसतो आणि उत्तम लपलेल्या अवस्थेत मरतो. रेव्हेनंट नेमका याच्या उलट आहे. शोधत असताना तो सेकंदाला १ मीटर इतका मंद असतो आणि खेळाडू सापडल्याबरोबर ३ मीटरांवर जातो. त्याच्यापुढे एकदा नजर तुटली की सगळा डाव पालटतो, म्हणून कंदील यांचा कोपऱ्याचा सल्ला त्याच्या बाबतीत दुपटीने खरा ठरतो. बॅन्शी आपल्यातला एकच खेळाडू निवडते आणि तो इमारतीत आहे तोपर्यंत शिकारीत त्याच्याच मागावर असते. अशा वेळी बाकीचे तिघे लपून काय साधणार? त्यांनी त्या एकाची वाट मोकळी ठेवावी आणि अरुंद दारात गर्दी करू नये.

लीथल कंपनीत तर दोन शत्रू परस्परविरुद्ध वागणूक मागतात. कॉइल-हेडकडे कोणीतरी सतत पाहत राहिले पाहिजे. नजर हटली की तो झेपावतो. ब्रॅकनकडे ओझरते पाहावे, तो मागे सरतो. पण टक लावून पाहत राहिलात किंवा त्याला कोपऱ्यात कोंडलेत तर तो चिडतो. हे दोघे एकाच मजल्यावर असले तर गटात 'पाहा' आणि 'पाहू नका' असे दोन आदेश एकाच वेळी ओरडले जातात आणि कोणता कोणासाठी हे कोणालाच समजत नाही. म्हणून आम्ही ओरडताना शत्रूचे नाव आधी आणि सूचना नंतर, अशी सवय लावून घेतली. थंपर सरळ मार्गिकेत वाऱ्यासारखा येतो पण वळणावर अडखळतो, त्यामुळे तिथे 'वळा' एवढे एकच ओरडले तरी पुरते.

कॉइल-हेडच्या बाबतीत एकत्र राहण्याचा खरा फायदा दिसतो, म्हणून एकत्र की वेगळे या प्रश्नाचे एक उत्तर मी देणार नाही. एकाने त्याच्यावर नजर रोखावी, दुसऱ्याने सामान घेऊन निघावे, आणि शेवटी पाहणाऱ्याने उलट पावलांनी दारापर्यंत येऊन दार लोटून घ्यावे. तो दार उघडतो, पण हळू उघडतो. एकट्या खेळाडूला हेच काम जवळजवळ अशक्य होऊन बसते, कारण मागे पाहत पुढे चालताना वाट चुकते.

चौथा_खेळाडू

नकाशेबाज यांच्याशी सहमत. मी आमच्या गटात कायम जहाजावर बसणारा माणूस आहे, आणि मला मिळणारी वागणूक पाहता या कामाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. 'तू तिथे सुरक्षित बसून काय करतोस?' हा प्रश्न मी प्रत्येक डावात ऐकतो.

लीथल कंपनीत जहाजावरच्या पडद्यावर आतल्या खेळाडूच्या आसपासचा नकाशा दिसतो आणि शत्रू लाल ठिपक्यांच्या रूपाने दिसतात. टर्मिनलवर मोठ्या दारांच्या अक्षर-अंकी खुणा टाइप करून ती दारे उघडता किंवा बंद करता येतात. तशाच खुणांनी बंदुकीचे बुरूज आणि सुरुंग काही क्षण निष्क्रिय करता येतात. दिसलेल्या माणसाला मदत कोणती, असे धागाकर्त्यांनी विचारले आहे, तर ही सर्वांत स्वच्छ मदत आहे, कारण ती करताना दुसरा कोणी शत्रूच्या नजरेत येत नाही. पळणाऱ्याने वळण घेतले की त्याच्या मागचे दार मी लावतो.

अडचण एकच आहे. पडद्यावर एका वेळी एकच खेळाडू पाहता येतो, आणि चौघांपैकी तिघे आत असताना कोणाला पाहायचे हे ठरवण्यात वेळ जातो. आम्ही ठरवले की संकटातल्या माणसाने आधी स्वतःचे नाव घ्यायचे. 'वाचवा' हा शब्द मला निरुपयोगी आहे, कारण घाबरलेल्या तिघांचे आवाज सारखेच येतात. टेलिपोर्टर असेल तर त्याला ओढून आणता येते, मात्र त्याच्या हातातले सगळे सामान तिथेच गळून पडते. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी मला मनातल्या मनात मित्र आणि सामान यांची किंमत करावी लागते. उत्तर नेहमी मित्राच्या बाजूनेच येते असे मी इथे जाहीरपणे सांगतो.

फॅस्मोफोबियात मात्र इमारतीबाहेरच्या गाडीत बसणाऱ्याला शिकारीच्या वेळी फारसे काही करता येत नाही. बाहेरचे दार बंद होते आणि रेडिओवर खरखर सुरू होते. तिथे त्याने मदत करायची ती आधी: गटाच्या मनःस्थैर्याची (सॅनिटीची) सरासरी पाहत राहायचे. बहुतेक भुते ही सरासरी ५० टक्क्यांखाली गेल्यावर शिकार सुरू करू शकतात, डीमन ७० टक्क्यांपासूनच. अंधारात विनाकारण उभा राहणारा एक शूर माणूस सगळ्यांची सरासरी खाली ओढतो, आणि त्याला बाहेर बोलावणे हे गाडीतल्या माणसाचे काम आहे.

खोलीत_कोण

बातमीच्या सिद्धांताला एक पूरक माहिती. २०१४ च्या एलियन: आयसोलेशनमध्ये, जो एकट्याने खेळायचा खेळ आहे, रचनाकारांनी शत्रूची बुद्धी दोन थरांत विभागली होती. वरच्या थराला खेळाडू कुठे आहे हे नेहमी ठाऊक असते. खालच्या थराला, म्हणजे प्रत्यक्ष फिरणाऱ्या प्राण्याला, ते ठाऊक नसते आणि त्याला स्वतःच्या डोळ्या-कानांनी शोधावे लागते. वरचा थर त्याला अधूनमधून परिसर सुचवतो आणि खेळाडूवरचा ताण फार वाढला की त्याला दूर पाठवतो. म्हणून तो प्राणी सतत आपल्या आसपास घोटाळतो, तरी फसवता येतो.

हे सांगण्याचे कारण असे की, 'हा नेहमी आमच्याकडेच कसा येतो, खेळ लबाडी करतो' ही तक्रार मी प्रत्येक गटात ऐकतो. काही खेळांत शत्रूला परिसराची कुणकुण मुद्दाम दिली जाते, आणि तसे नसते तर अर्धा वेळ रिकाम्या खोल्यांतून फिरण्यात गेला असता. परिसर कळणे आणि जागा कळणे यांत जे अंतर उरते, त्यातच आपल्याला खेळायचे असते. सहकारी खेळात एखादा मित्र बाटली किंवा वीट फेकून ते अंतर वाढवू शकतो. द आउटलास्ट ट्रायल्समध्ये या दोन्ही वस्तू जागोजागी ठेवलेल्या असतात. फक्त फेकणाऱ्याने स्वतःच्या आणि मित्राच्या मधल्या रेषेत फेकू नये. सांगायला सोपे आहे, पण घाबरलेला हात नेमका त्याच दिशेला फेकतो.

उशिरा_आलेला

सगळे पळण्याविषयीच लिहीत आहेत, म्हणून वेगळे उदाहरण देतो. जीटीएफओ या सहकारी भयखेळात झोपलेल्या शत्रूंच्या मधून फिरणारा स्काउट असतो. तो थांबून चहूबाजूंना लांब तंतू पसरतो. त्यातला एकही खेळाडूला लागला की तो किंचाळतो आणि शत्रूंची लाट येते. त्याच्यापासून लपत राहिलो तर तो फिरत फिरत कधीतरी येऊन धडकतोच. तंतू आत घेतलेले असताना सर्वांनी मिळून, मोजून, एकाच क्षणी त्याला संपवणे हाच उपाय आहे. आमच्यातला एक जण 'तीन' म्हणताच मारतो आणि बाकीचे 'तीन'नंतर. हा वाद दोन वर्षे मिटलेला नाही.

मिणमिणता_कंदील (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचना घेऊन आम्ही तीन संध्याकाळी फॅस्मोफोबिया खेळलो, त्याचा वृत्तांत देतो.

पहिल्या दिवशी वेगवेगळे लपण्याचा नियम पाळला. प्रोफेशनल पातळीवर लहान घरातली शिकार साधारण ३० सेकंदांची असते, आणि चौघांनी चार खोल्या आधीच वाटून घेतल्या होत्या. फरक लगेच दिसला. शिकार सुरू झाल्यावर 'तू कुठे जातोस?' या प्रश्नात जाणारी मोलाची सेकंदे वाचली. दबकी_पावले यांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्च बंद करण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही. एक जण पलंगामागे इतक्या शांतपणे बसला होता की त्याचे कौतुक करावेसे वाटले, आणि त्याची टॉर्च छतावर गोल उजेड पाडत होती.

दुसऱ्या दिवशी धूपाची (ज्याच्या धुराने शिकारीतले भूत गोंधळते) वाटणी बदलली. आधी आम्ही चौघेही शिकार सुरू होताच आपापला धूप पेटवत असू, म्हणजे पाच सेकंदांच्या संभ्रमासाठी चार धूप जळून जात. आता धूप फक्त दोघांकडे असतो, आणि तो स्वतःसाठी पेटवायचा नाही, दिसलेला माणूस जवळून जात असेल तर त्याच्या मागच्या भुतासाठी पेटवायचा, असे ठरले. मित्रांचा निष्ठुरपणाचा आक्षेप यामुळे मिटला. दिसलेल्याने कोणाकडे धावायचे नाही हे कायम आहे, परंतु तो कोणत्या वाटेने धावेल हे आधीच ठरलेले असल्याने धूपवाला त्या वाटेलगत उभा राहू शकतो. भूत गोंधळते, तेवढ्यात दोघे दोन दिशांना जातात.

तिसऱ्या दिवशी मोठ्या इमारतीत गेलो. शिकार सुरू झाली तेव्हा मी व्हरांड्याच्या मधोमध होतो, भुताने मला पाहिले, ठरलेली वाट माझ्या डावीकडे होती आणि मी उजवीकडे, दोघे लपले होते त्या वर्गखोलीत शिरलो. तिघेही गेलो. गाडीतल्या मित्राने नंतर फक्त एवढेच विचारले की नियम लिहून भिंतीवर लावायचा आहे का.

दबकी_पावले

धूपाची वाटणी आवडली, आम्हीही करून पाहू. एक शंका: धूपवाल्याने दाराच्या आत उभे राहावे की बाहेर? आत उभा राहिला तर पळणारा त्याला आदळतो आणि दोघेही दारात अडकतात, हे आमच्याकडे दोनदा घडले आहे.

मिणमिणता_कंदील (धागाकर्ता)

बाहेर, आणि दार ज्या बाजूला उघडते तिच्या विरुद्ध बाजूला. उघडे दार मध्ये आले तर धूपवाल्यालाच येणारा दिसत नाही आणि तो उशिरा पेटवतो. मोठ्या इमारतीत दोन पानी दारे असतात, तिथे कसे उभे राहावे हे आम्हाला अजून सुटलेले नाही. शनिवारी पुन्हा त्याच इमारतीत जात आहोत.